बायबलच्या गोष्टींतून मुलांना धीर शिकवताना या चुका टाळा

रात्री दिवा मालवण्याआधी एक गोष्ट सांगायची. ती धीराची आणि देवावरच्या भरवशाची असावी म्हणून सिंहांच्या गुहेत टाकलेल्या आणि देवाने वाचवलेल्या दानीएलाची निवडायची. इथपर्यंत सगळं छान असतं. मग दहा मिनिटांनी अंथरुणातून आवाज येतो, "सिंह आपल्या घरी येतात का?"

धीर द्यायला गोष्ट सांगितली आणि मूल आणखीच घाबरलं! संडे स्कूलमध्ये लहान मुलांचा वर्ग घेताना आणि घरीही माझं असं बरेचदा झालं आहे. त्यातून एक लक्षात आलं. गोष्टी चांगल्याच असतात. घोटाळा होतो तो आपण त्यातून काय गाळतो आणि शेवटी काय चिकटवतो, तिथे.

"दावीद अजिबात घाबरला नाही"

सगळ्यांत जास्त होणारी चूक ही, आणि ती प्रेमापोटीच होते. इस्राएलच्या शत्रूंचा, म्हणजे पलिष्ट्यांचा, योद्धा गल्याथ सहा हात आणि एक वीत उंच, म्हणजे जवळजवळ तीन मीटर. चाळीस दिवस तो सकाळ-संध्याकाळ येऊन ललकारतो आणि इस्राएलच्या शौल राजासकट सगळं सैन्य गर्भगळीत होतं. मग येतो मेंढपाळ पोरगा दावीद, गोफणीच्या गोट्याने त्याला पाडतो, आणि आपण उत्साहात सांगून टाकतो, "तो मुळीच घाबरला नाही. तूही घाबरायचं नाहीस हं!"

चार-पाच वर्षांच्या मुलाला यातून ऐकू येतं ते असं: भीती वाटली म्हणजे माझं काहीतरी चुकलं. अंधाराची भीती त्यामुळे जात नाही. जातं ते तिच्याबद्दल बोलणं. मूल भीती लपवायला शिकतं, आणि मोठ्यांना वाटतं की गोष्टीचा गुण आला.

या दाविदाचीच पुढची एक गोष्ट आहे, ती आपण मुलांना सहसा सांगत नाही. 1 शमुवेलच्या 21व्या अध्यायात तो शौलापासून पळून गथ नगरात जातो. गथ म्हणजे गल्याथाचंच गाव! तिथे लोक त्याला ओळखतात, आखीश राजाची त्याला भयंकर भीती वाटते आणि तो वेड्याचं सोंग घेतो. दाढीवर लाळ गाळतो, दारांवर रेघोट्या ओढतो. (लाळेपाशी वर्ग हमखास खिदळतो, खिदळू द्यावा.) 56व्या स्तोत्राचं शीर्षक पलिष्ट्यांनी दाविदाला गथात धरलं त्या प्रसंगाचं आहे, आणि त्यातल्या तिसऱ्या ओवीचा साधा अर्थ असा: मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. "वाटेल तेव्हा". वाटणारच नाही, असं तो म्हणत नाही. लहान मुलाला एकच ओवी पाठ करून घ्यायची झाली तर मी ही घेईन.

अशी माणसं बायबलमध्ये पुष्कळ आहेत. गिदोनाने बआल या परक्या दैवताची वेदी मोडली ती रात्री, कारण दिवसा मोडायला तो घरच्यांना आणि गावकऱ्यांना भीत होता. "खंबीर हो, हिंमत धर" हे यहोशवाला त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देवाने तीनदा सांगितलं. ज्याला धाकधूक नाही त्याला कोण तीनदा सांगेल? म्हणून गोष्टीत मध्येच थांबून विचारा, "त्याच्या पोटात गोळा आला असेल का रे?" मूल बहुधा स्वतःच्या पोटातल्या गोळ्याबद्दल सांगायला लागतं. तसं झालं तर गोष्ट तिथेच सोडून द्या आणि ऐका. गल्याथ उद्या पाडता येईल.

दाविदाच्या गोष्टीत आणखी एक धागा निसटतो. शौलाला तो सांगतो की मेंढरं राखताना सिंह आणि अस्वल यांच्या पंजातून परमेश्वराने मला सोडवलं, तसंच या पलिष्ट्याच्या हातूनही सोडवील. त्याचा भरवसा जुन्या आठवणींवर उभा आहे. मुलाकडेही अशा आठवणी असतात: शाळेचा पहिला दिवस, दवाखान्यातली सुई, वीज गेलेली रात्र. त्या काढून द्याव्या लागतात. "तेव्हा तुला भीती वाटली होती, आपण प्रार्थना केली होती, आठवतं?" हे वाक्य पाच गुळगुळीत गोट्यांच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

"विश्वास ठेवला की काही होत नाही"

हे वचन आपण देवाच्या नावाने देतो, आणि पाळणं आपल्या हातात नसतं. मूल आजी बरी व्हावी म्हणून रोज हात जोडतं आणि आजी जाते. मग दोनच निष्कर्ष उरतात: देवाने ऐकलं नाही, किंवा मी प्रार्थना नीट केली नाही. या वयातली मुलं दुसरा निष्कर्ष चटकन स्वतःवर ओढून घेतात आणि कोणाला सांगतही नाहीत.

दानीएलाच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, मूर्तीपुढे वाकला नाहीत तर पेटत्या भट्टीत टाकीन अशी धमकी मिळालेले शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो राजाला काय उत्तर देतात ते नीट वाचा. आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरीही आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. आपण सांगताना "तरीही"चा भाग गाळतो आणि थेट भट्टीत त्या तिघांसोबत सुखरूप फिरताना दिसलेल्या चौथ्या पुरुषाकडे धाव घेतो. सगळा धीर त्या "तरीही"मध्ये आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या 12व्या अध्यायात देवदूत येशूचा शिष्य पेत्र याला तुरुंगातून बाहेर काढतो, पण त्याच अध्यायाच्या सुरुवातीला हेरोद राजाने दुसरा शिष्य याकोब याला तलवारीने मारलेलं असतं. याकोबाचा विश्वास कमी पडला असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. हे लहानग्यांना सांगायची गरज नाही. सांगणाऱ्याने मात्र मनात ठेवावं, म्हणजे जिभेवर भलतं वचन येत नाही.

"तुला काही होणार नाही" याऐवजी "काहीही झालं तरी देव तुझ्यासोबत आहे, आणि मीही आहे" असं म्हणा. दुसरा अर्धा भाग विसरू नका. लहान मुलाला न दिसणाऱ्या देवावर भरवसा ठेवायला दिसणाऱ्या माणसाचा हात लागतो.

घरी आजी गेलीच असेल आणि मूल विचारत असेल, तर "देवाला ती हवी होती" असं म्हणू नका. त्याला वाटतं, उद्या देवाला आई हवी झाली तर? "मलाही खूप वाईट वाटतंय, आणि तुझ्या प्रार्थनेत काही चुकलं नव्हतं" एवढं पुरे.

याच चुकीचं दुसरं टोक म्हणजे देव आहे म्हणून काहीही करायचं. 91व्या स्तोत्रात देवदूत सांभाळतील असं म्हटलं आहे, पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तेच शब्द वापरून सैतान येशूला मंदिराच्या टोकावरून उडी टाकायला सांगतो, आणि येशू नकार देतो. भिंतीवरून उडी मारायला निघालेल्या सहा वर्षांच्या वीराला ही गोष्ट जरूर सांगा. त्याला हेही सांगा की कोणी त्रास दिला किंवा नको तिथे हात लावला, तर मोठ्यांना येऊन सांगणं हाही धीरच. "देवावर सोड आणि गप्प बस" हे भरवशाच्या नावाखाली कधीही शिकवू नये.

पेत्र बुडाला आणि आपण ओरडलो

"बघ, विश्वास कमी पडला की असं होतं!" पेत्र पाण्यावरून येशूकडे चालताना घाबरून बुडू लागतो, ती मत्तयाच्या 14व्या अध्यायातली गोष्ट मुलांना दटावण्यासाठी फार वापरली जाते. क्रम बघा: पेत्र ओरडतो, येशू लगेच हात पुढे करून त्याला धरतो, आणि मग "अल्पविश्वासी" म्हणतो. मार्कच्या चौथ्या अध्यायातलं वादळही तसंच, आधी वारा शांत होतो, मग "का घाबरलात?" हा प्रश्न येतो. आपण प्रश्न आधी विचारतो आणि हात नंतर देतो.

एलीया संदेष्ट्याचंही तसंच. ईजबेल राणीच्या धमकीने तो रानात पळतो, मरण मागतो, झोपतो. देवदूत त्याला भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. उपदेश नाही. रडवेल्या मुलाला बोधकथा सुनावण्याआधी हे आठवलं, तर बरेचदा असं कळतं की त्याला नुसती भूक लागली होती.

किती सांगायचं

गाळणं आणि खोटं सांगणं यात फरक आहे. गल्याथाचं शीर कापणं, दानीएलावर आरोप करणाऱ्यांना बायकामुलांसकट सिंहांपुढे टाकणं, हे चार वर्षांच्या मुलाला सांगू नये. अब्राहाम आणि इसहाक तर मी शाळेत जायला लागल्यावरही बराच काळ बाजूला ठेवते, कारण त्यात बाप मुलाचा बळी द्यायला निघतो आणि मूल स्वतःला इसहाकाच्या जागी ठेवतं. पण "सिंह पाळीव होते" असलं काही रचू नका. मोठेपणी ते स्वतः वाचणारच आहे. भीतीदायक गोष्ट झोपताना नको, दुपारी सांगा, आणि सुटकेपर्यंत न थांबता पोहोचा. सिंहांपाशी अर्धवट सोडून "उरलेलं उद्या" म्हणणं म्हणजे रात्रभराचं जागरण विकत घेणं.

किरकोळ तक्रारी. गोष्टीनंतर भावाला दगड मारला? कागदाच्या गोळ्या द्या, आणि गल्याथाचं काम आळीपाळीने. मूल कंटाळतं? एका आठवड्यात पाच गोष्टी झाल्या असतील, एकच ठेवा. रोज तीच मागतं? सांगा. कंटाळा आपल्याला येतो, त्याला नाही.

आणि दानीएलाला चित्रात तरुण दाखवलेलं असेल तर मुलांना जरूर सांगा की गुहेत टाकला तेव्हा तो म्हातारा होता, ऐंशीच्या आसपासचा. तरुणपणी तो बाबेलात आला आणि ही घटना पारसी राज्य आल्यानंतरची, म्हणजे मध्ये साठाहून जास्त वर्षं गेली. आजोबा सिंहांच्या गुहेत, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात. एका मुलीने मला विचारलं, "आजोबांना झोप लागली का?" मी पुस्तक उघडलं. तिथे त्या रात्री न जेवलेल्या, न झोपलेल्या माणसाचं वर्णन आहे, पण तो माणूस म्हणजे महालातला राजा. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग आजोबा झोपले असतील. सिंह उबदार असतात."