आई-बाबा "आता काही लक्षात राहत नाही" म्हणायला लागले की काय करायचं

घरात कोणी "वय झालं, आता डोकं चालत नाही" म्हणायला लागलं की आपण पटकन "राहू दे, मी बघतो" म्हणतो आणि इथेच नुकसान होतं. आपल्या हातात काही राहिलं नाही असं एकदा मनाने घेतलं की माणूस लक्षात ठेवायची खटपटच सोडतो, मग खरंच विसरतो, आणि मग "बघ, म्हटलं नव्हतं?"

अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाच्या मार्जी लॅकमन यांनी यावर कितीतरी वर्षं काम केलंय. २००६ च्या एका अभ्यासात मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांना शब्दांची यादी लक्षात ठेवायला दिली होती. स्मरणशक्ती आपल्या हातात आहे असं मानणारे लोक शब्दांचे गट जास्त पाडत होते आणि त्यांना जास्त शब्द आठवत होते. मला यातली युक्तीची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती शिकता येते.

मग सुरुवात बाजाराच्या यादीपासून करा. कोथिंबीर, साबण, रवा, मिरच्या, टूथपेस्ट, पोहे. आईलाच म्हणा, तू गट पाड. भाजीवाल्याकडचं दोन, वाण्याकडचं दोन, अंघोळीचं दोन. चिठ्ठी पर्समध्ये असू दे, पण निघताना एकदा न बघता म्हणून बघायचं, दुकानातही आधी आठवायचं आणि मगच चिठ्ठी काढायची. सगळं आणलं तर नुसतं "वा वा" करू नका, "कसं लक्षात ठेवलंस?" असं विचारा, म्हणजे आपण केलं म्हणून जमलं हे तिचं तिलाच कळतं.

एखादं नाव आठवत नसेल तर लगेच सांगून टाकू नका प्लीज, थोडं थांबा, फारच अडलं तर पहिलं अक्षर द्या. गोळ्यांचा डबा त्यांनाच भरू द्या, तुम्ही नंतर नजर टाका. १९७६ मध्ये लँगर आणि रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या एका वृद्धाश्रमात काही जणांना स्वतःचे निर्णय घ्यायला आणि एक रोप सांभाळायला दिलं होतं, तर ते बाकीच्यांपेक्षा जास्त तरतरीत झाले.

पण रोजच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न परत परत विचारणं असं दिसलं तर युक्त्यांवर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, कमी ऐकू येणं यानेही विसरायला होतं आणि त्यावर उपाय असतात. आणि डॉक्टरांसमोर त्यांना स्वतःला बोलू द्या.