“मामा, कुठला कॅमेरा घेऊ?” : लँडस्केप फोटो सुधारण्याबद्दल

भाचीचा हा प्रश्न दर सहा महिन्यांनी येतो. मॉडेलचं नाव तेवढं बदलतं. या वेळी मी म्हटलं, “आधी तुझे फसलेले वीस फोटो पाठव.”

“फसलेले कशाला? चांगले पाठवते की.”

“चांगल्यांचं मी काय करू? फसलेलेच पाठव.”

फुरंगटली, पण पाठवले. सातांत क्षितिज कललेलं. पाचांत आकाश पांढरंफटक. बरेचसे भर दुपारचे, त्यामुळे डोंगर पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखे चपटे. चार-पाच हललेले. आणि जवळजवळ सगळ्यांत खालचा अर्धा फोटो रिकामा, नुसतं गवत. नव्या कॅमेऱ्याने पांढरं आकाश फार तर थोडं सावरलं असतं. बाकी सगळं होतं तसंच राहिलं असतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, पैसे घालवून सांगतोय. मी एकामागून एक तीन बॉडी (म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) बदलल्या आणि मगच धड ट्रायपॉड घेतला. क्रम बरोबर उलटा हवा होता.

हुकलेल्याची वही

खिशात मावेल अशी एक वही मी बाळगतो. बाहेर जाऊन आलो की तीन-चार ओळी लिहायच्या: काय हवं होतं, काय आलं, का हुकलं. पहिल्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द आहे ‘उशीर’. त्याखालोखाल ‘हललं’. ‘कॅमेरा कमी पडला’ असं अख्ख्या वहीत दोनदाच आहे, आणि त्यातलं एकदाचं चक्क खोटं आहे. त्या पहाटे कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट होता, वारा नव्हता, तरी सगळे फोटो किंचित पुसट आले. मी दोष बॉडीला दिला. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की लेन्सचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, चालूच राहिलं होतं. कॅमेरा स्थिर असताना ती यंत्रणा कधीकधी नसलेली थरथर शोधत बसते आणि स्वतःच फोटो हलवते. काही नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात म्हणे, मी मात्र बटण बंद करूनच टाकतो.

अशी वही एक मोसमभर ठेवा. पुढे काय शिकायचं आणि काय विकत घ्यायचं, दोन्ही तीच सांगते.

उशिरावरचा उपाय

सूर्योदयाच्या वेळी पोचणं म्हणजे उशिरा पोचणं. मी पाऊण तास आधी जागेवर असतो. अंधारात ट्रायपॉडचे पाय लावून ठेवायचे, चौकट ठरवायची आणि मग वाट पाहायची. सूर्य क्षितिजावर साधारण सहा अंशांपर्यंत असतो तेव्हाचा उजेड आपल्याला हवा असतो: तिरपा, पिवळसर, जमिनीचा प्रत्येक उंचवटा वेगळा काढणारा. किती वेळ उरलाय ते संध्याकाळी मुठीने मोजता येतं. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशात अंदाजे दहा अंश व्यापते. सूर्य आपल्या वाटेवरून तासाला पंधरा अंश सरकतो. म्हणजे क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये एक मूठ मावत असेल तर निदान चाळीस मिनिटं हातात आहेत. सूर्य तिरपा उतरत असेल तर जास्तच. मोजताना नजर क्षितिजावर ठेवा, सूर्याकडे टक लावू नका.

सूर्य बुडाला की लोक टाळ्या वाजवून निघून जातात. तुम्ही थांबा. ढग असतील तर खालून त्यांच्या पोटाला उजेड लागतो तो त्यानंतर, दहा-वीस मिनिटांनी. दर वेळी लागतोच असं नाही, पण लागतो तेव्हा ट्रायपॉड दुमडून पार्किंगकडे निघालेला माणूस फार वाईट दिसतो. मी तो माणूस होतो, दोनदा.

ढगाळ दिवशी घरी बसू नका. झाडी, ओढा, धबधबा, शेवाळ यांना तोच मऊ उजेड मानवतो. फक्त पांढरं आकाश चौकटीत घेऊ नका.

डोंगरामागून उगवणारा पूर्ण चंद्र हवा असेल तर पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी जा. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास वर येतो आणि थोड्याच वेळात जमीन काळी पडते. आदल्या दिवशी तो आधीच वर असतो, जमिनीवर अजून ऊन असतं, आणि दोघांचा उजेड एका फोटोत बसतो. लेन्स लांब हवी, म्हणजे दूरचं जवळ आणणारी; मिमीचा आकडा जेवढा मोठा तेवढी ती लांब, जेवढा लहान तेवढी ती वाइड. २४ मिमी लेन्समध्ये चंद्र सेन्सरवर (कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप) मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग व्यापतो, म्हणजे टिंब. २०० मिमीला तो दोन मिमीच्या जवळ जातो.

वीतभर डावीकडे

फोटो सगळ्यात जास्त कशाने सुधारला असं विचाराल तर उभं राहायची जागा बदलण्याने. एक पहाट सांगतो. तळ्याचा काठ. पाण्यातून डोकं काढलेला काळा दगड, पलीकडच्या काठावर एकुलतं झाड, त्यामागे टेकडी. उभ्याने पाहिलं तर दगडाचं टोक झाडाच्या प्रतिबिंबात घुसत होतं आणि दोघं मिळून एक गिचका झाला होता. ट्रायपॉड वीतभर डावीकडे घेतला. दगड सुटला, पण आता टेकडीची कड नेमकी झाडाच्या शेंड्याला टेकली. मग गुडघे चिखलात. कॅमेरा कंबरेच्या उंचीवर आणला तसा शेंडा टेकडीच्या वर निघाला. आणखी खाली गेलो तर मधला पाण्याचा पट्टाच आक्रसला आणि दगड पलीकडच्या काठाला चिकटल्यासारखा दिसायला लागला. पुन्हा चार बोटं वर. आता दगड आणि प्रतिबिंब यांच्यामध्ये बोटभर मोकळं पाणी होतं. एवढ्या खटाटोपात वीस मिनिटं गेली. कॅमेऱ्याचं बटण तोवर एकदाही दाबलं नव्हतं.

करायचं इतकंच: ट्रायपॉड लावायच्या आधी कॅमेरा हातात घेऊन फिरा. उभं, बसून, दोन पावलं पुढे, एक बाजूला. कुठल्या वस्तू एकमेकींना टेकतायत ते बघा आणि त्या सोडवा. चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवा, तिथे अर्धवट फांदी शिरलेली असते. पुढचा भाग रिकामा वाटला तर पुढे जा. बहुतेक वेळा आपण दहा पावलं मागे असतो. जागा ठरली की मग ट्रायपॉड. झूम करून आळस केला की पुढचा दगड आणि मागचा डोंगर यांचं नातं आहे तसंच राहतं. ते फक्त पायांनी बदलतं.

आकडे, लागतील तेवढेच

आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, १००. लेन्सचं छिद्र फुल-फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, एफ/८ ते एफ/११; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक. लहान सेन्सरवर त्याहून एक-दोन पायऱ्या मोठं छिद्र, म्हणजे एफ/५.६ ते एफ/८. ‘जास्त खोली हवी म्हणून एफ/२२’ हा सल्ला मी इमानेइतबारे पाळला होता आणि दोन वर्षांचे फोटो मऊ करून घेतले होते. छिद्र फार बारीक झालं की उजेड त्याच्या कडांवरून पसरतो आणि सगळंच थोडं बोथट होतं.

खोली मिळवायची ती फोकस कुठे ठेवता यावरून. फुल-फ्रेमवर २४ मिमी, एफ/८ असताना साधारण अडीच मीटरवर फोकस ठेवलात तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. त्याहून जवळचं फूल हवंय? मग दोन-तीन फोटो वेगवेगळ्या फोकसवर काढून नंतर जोडा. फोकस स्क्रीनवर दहापट मोठं करून हाताने करा, आणि नंतर ऑटोफोकस बंद आहे ना ते बघा.

एक्स्पोजरसाठी, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा यासाठी, स्क्रीनवरच्या चित्रावर विसंबू नका. अंधारात ते उजळ दिसतं, उन्हात काळं. हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख. आलेखातला डोंगर उजवीकडच्या भिंतीवर आपटला असेल तर आकाशातला तपशील गेला, तो परत येत नाही. सावलीतला बराच परत येतो, पण रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल असेल तर. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. काळी दरी उजळवताना हा फरक डोळ्यांना दिसतो.

हे सगळं हाताला पाठ हवं. अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकी लँडस्केप छायाचित्रकाराने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला तेव्हा त्याला आपलं लाइट मीटर सापडेना. गावच्या दफनभूमीतल्या क्रॉसवरचं ऊन जायला आलेलं. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कँडल (उजेड मोजायचं जुनं एकक) असते हे त्याला ठाऊक होतं, त्यावरून त्याने मनात हिशोब केला आणि एक फोटो घेतला. दुसऱ्याची तयारी होईपर्यंत ऊन गेलं. आपल्याला कँडल मोजायच्या नाहीत, पण डोळे मिटून आयएसओचं बटण सापडलं पाहिजे.

आता खरेदी

भाचीनेही वही सुरू केली. महिन्याभराने तिने पानाचा फोटो पाठवला: ‘उशीर’ तीनदा, ‘हललं’ चारदा, ‘झोपले’ एकदा. म्हणजे खरेदी ट्रायपॉडची.

मधली दांडी वर न करता कॅमेरा हनुवटीपर्यंत यावा. ती दांडी वर काढली की ट्रायपॉडचा एकपायी बांबू होतो. बारीक नळ्यांचे शेवटचे पाय सगळ्यात शेवटी उघडावेत. दुकानात हेड (ट्रायपॉडचा कॅमेरा बसवायचा वरचा भाग) घट्ट करून लेन्सचं टोक बोटाने दाबून बघा. घसरत असेल तर ठेवून द्या. कार्बन हलका, अॅल्युमिनियम स्वस्त, आणि दोन्ही चालतात. जो घरून निघताना उचलावासा वाटेल तोच चांगला. उतारावर एक पाय खालच्या बाजूला ठेवा, शटर दोन सेकंदांच्या टायमरने उडवा.

लेन्स निवडायची तर स्वतःच्या आवडत्या पन्नास फोटोंची फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा तो मिमीचा आकडा, तपासा, ती फाइलमध्ये नोंदलेली असते. मी स्वतःला ‘वाइडवाला’ समजत होतो आणि माझे आवडते फोटो निघाले ७० ते १३५ मिमीचे. त्याआधी मी महागडी अतिवाइड लेन्स घेतलेली होती हे वेगळं सांगायला नको. वाइड लेन्स पुढचा दगड मोठा करते आणि मागच्या डोंगराचा मुंगीएवढा उंचवटा करते. धुक्यातल्या एकामागे एक रांगा हव्या असतील तर लांब लेन्सच. एफ/२.८ चा मोह ताऱ्यांसाठी ठीक. एरवी ट्रायपॉडवर एफ/८ लावणाऱ्याने एफ/४ ची हलकी लेन्स घ्यावी आणि चढताना दुवा द्यावा.

फिल्टर दोनच. पोलरायझर पाण्यावरची, ओल्या पानांवरची चकाकी कापतो, आणि हे काम सॉफ्टवेअरला नीट जमत नाही. आकाश सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात गडद होतं, त्यामुळे वाइड लेन्समध्ये निळ्याचा एकच पट्टा काळपट येतो. तेव्हा तो काढून ठेवा. इंद्रधनुष्य दिसलं तर फिल्टर फिरवताना जपून, चुकीच्या बाजूला फिरवलात तर धनुष्यच गायब होतं. दुसरा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. दहा स्टॉपचा एनडी उजेड सुमारे हजारपट कमी करतो, १/३० सेकंदाचे ३४ सेकंद होतात. फोकस फिल्टर लावायच्या आधी करा, नंतर काही दिसत नाही.

बॉडी सगळ्यात शेवटी. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, एपीएस-सी आणि मायक्रो फोर थर्ड्स हे त्याहून लहान सेन्सर: एपीएस-सीच्या बाजू त्याच्या साधारण दीडपट लहान, मायक्रो फोर थर्ड्सच्या दुप्पट लहान. मोठ्या सेन्सरचा खरा फायदा अंधारात आणि सावल्या उजळवताना. आयएसओ १०० वर, ट्रायपॉडवर, मध्यम आकाराच्या प्रिंटमध्ये फरक ओळखून दाखवणारे मला फार भेटलेले नाहीत. वजन मात्र खांद्याला लगेच ओळखू येतं.

जुनं सामान घ्यायला हरकत नाही. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून पलीकडून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे. सपाट भिंतीचा फोटो काढून चारही कोपरे ताडून बघा, एकच कोपरा पुसट असेल तर आतली भिंगं सरकली आहेत. एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी दिसते. धूळ पुसता येते, ओरखडा नाही.

थंडीत जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा. गारव्यातून ऊबदार खोलीत येताना कॅमेरा पिशवीतच बंद राहू द्या, नाहीतर भिंगावर वाफ धरते. आणि झोपण्याआधी सेटिंग मूळपदावर आणा. एकदा रात्री ताऱ्यांसाठी ठेवलेला आयएसओ ३२०० मी सकाळी तसाच वापरला, सूर्य चांगला वर येईपर्यंत. वहीत त्या तारखेपुढे काही लिहिलेलं नाही, नुसती रेघ आहे.