बोस्टनला शिकायला येताय? कोट, तवा आणि ताटल्या थ्रिफ्ट स्टोअरमधून कशा घ्यायच्या

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून मुलं मेसेज करतात की ताई जॅकेट तिकडून घेऊन येऊ का, कुकर किती आणू, मिक्सर आणू का. 23 किलोच्या दोन बॅगा, त्यातली एक तर आईच्या चटण्या-मसाल्यांनीच भरलेली असते, त्यात कोट कुठे कोंबणार. म्हणून थ्रिफ्ट स्टोअर, म्हणजे लोकांनी दान केलेलं जुनं सामान स्वस्तात विकणारी दुकानं, तिथून काय आणि कसं घ्यायचं ते सगळं एकदाच नीट लिहून काढते. हे बोस्टनच्या हिशोबाने लिहिलंय पण अमेरिकेत दुसरीकडे कुठे जाणार असाल तरी बरंचसं लागू पडेल.

आधी मनातली अढी काढून टाकूया. आपल्याकडे जुने कपडे बोहारणीला द्यायचे आणि त्यावर पातेलं घ्यायचं, कोणाचे तरी उतरलेले कपडे विकत आणून घालायचे ही सवय नाही, त्यामुळे फोनवर आईला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "अगं कोणाचे असतील ते, गेलेल्या माणसाचे असले तर?" असू शकतात. इथे वयस्कर माणूस गेल्यावर घर रिकामं करतात आणि त्या घरातलं सामान बऱ्याचदा थ्रिफ्टमध्येच जातं, आणि खरं सांगायचं तर जाड लोकरीचे जुने कोट, जड बुडाची भांडी ही त्याच घरांमधून येतात. स्वच्छ धुऊन घालण्यात मला काहीच वावगं वाटत नाही. आणि हे फक्त गरिबांसाठी असतं असंही समजू नका, माझे अमेरिकन प्रोफेसर तिथे पुस्तकं आणि लाकडी खुर्च्या शोधत असतात. अशी दुकानं चालवणारी गुडविल ही संस्था तर बोस्टनमध्येच सुरू झाली, 1902 साली, एडगर हेल्म्स नावाच्या मेथडिस्ट पाद्रींनी लोकांकडून जुने कपडे आणि सामान गोळा करायचं, गरजू लोकांना ते दुरुस्त करायचं काम द्यायचं आणि विकून त्यांचा पगार काढायचा अशी पद्धत बसवली. शिवाय मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर 2022 पासून कापड कचऱ्यात टाकायलाच बंदी आहे, त्यामुळे लोक कपडे दान करतातच, माल भरपूर असतो.

आता मुख्य गोष्ट. मी एकच नियम पाळते आणि सगळ्यांना तोच सांगते: जे दुकानात उभं राहून हाताने, डोळ्याने, नाकाने तपासता येतं ते जुनं घ्या, ज्याचा दोष वरून दिसत नाही ते नवंच घ्या. लोकरीचा कोट तपासता येतो, गादी नाही. बिडाचा तवा तपासता येतो, हेल्मेट आतून तडकलंय का ते नाही. ब्रँड, किंमत, डिस्काउंट हे सगळं त्याच्या नंतर.

कोटापासून सुरुवात करू कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाचतात. नवा चांगला विंटर कोट घ्यायला गेलात तर दीडशे-दोनशे डॉलर सहज जातात, थ्रिफ्टमध्ये तेच काम साधारण पंधरा ते चाळीस डॉलरमध्ये होतं. पण जायचं कधी हे महत्त्वाचं, पहिला बर्फ पडल्यावर सगळं शहर कोट शोधायला निघतं, तेव्हा रॅकवर उरलेसुरलेच मिळतात. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर जा, दुकानं हिवाळ्याचा माल तेव्हा बाहेर काढायला लागतात. वीकेंडपेक्षा कामाच्या दिवशी सकाळी बरं पडतं, गर्दी कमी आणि रॅक नुकतेच भरलेले.

रॅकसमोर गेलात की कोट एकेक काढून बघत बसू नका, नुसता हात फिरवत जा. लोकर हाताला लगेच कळते, थोडी जड, थोडी खरबरीत, पॉलिस्टर गुळगुळीत आणि गार लागतं. हाताला बरं वाटलं की मगच बाहेर काढा आणि आतलं लेबल वाचा, लोकर सत्तर-ऐंशी टक्के असेल तर उत्तम, बाकी नायलॉन असलं तरी चालतं, उलट टिकाऊपणा वाढतो. नंतर कोट दिव्याकडे धरा आणि पाठीचा भाग, बाह्या उजेडात बघा, कसरीने खाल्लेली भोकं एरवी दिसत नाहीत, उजेडात टाचणीच्या टोकाएवढी चमकतात. एखादं असेल तर रफू करता येतं, पण पाच-सहा दिसली की परत ठेवून द्या. मग काखेतलं अस्तर, कॉलरची आतली बाजू, बाहीची कड आणि खिशात हात घालून खिशाचं कापड, कोट पहिल्यांदा फाटतो तो इथेच. झिप तीन-चार वेळा खालून वर पूर्ण ओढून बघा, झिप बदलून घ्यायला कोटाइतकेच पैसे पडतात. आणि वास घ्या, लाजू नका, सगळे घेतात. डांबरगोळीचा वास वाऱ्यावर टाकला की जातो, सिगरेटचा मात्र चिवट असतो, दोन ड्राय क्लीनिंगनंतरही राहतो, तो कोट कितीही छान दिसला तरी नको.

पिसांचं म्हणजे डाउन जॅकेट असेल तर मुठीत दाबून सोडा, लगेच फुगून वर आलं पाहिजे. आत गोळे गोळे लागत असतील किंवा शिवणीतून पिसं बाहेर येत असतील तर सोडा. घरी आणल्यावर मशीनमध्ये गार पाण्यात, जेंटलवर धुवायचं आणि ड्रायरमध्ये लो हीटवर दोन टेनिस बॉल टाकून वाळवायचं, बॉल आपटून आपटून पिसं मोकळी होतात. वेळ लागतो, आत ओल राहिली तर कुबट वास येतो त्यामुळे घाईने काढू नका.

साइझच्या लेबलवर जाऊ नका. अमेरिकन साइझ आपल्यापेक्षा मोठे असतात, त्यात प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळा आणि जुन्या कपड्यांचा तर आणखीनच वेगळा. शिवणकामाची टेप खिशात ठेवा, तुम्हाला नीट बसणाऱ्या जॅकेटचा खांदा, छाती आणि बाही मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. कोट घालून बघताना आत स्वेटर असलाच पाहिजे, ऑक्टोबरमध्ये टी-शर्टवर फिट बसलेला कोट जानेवारीत, पारा शून्याखाली गेल्यावर, स्वेटरवर चढत नाही. बाही लांब असेल तर आखूड करून मिळते, खांदा मोठा असेल तर नाद सोडा. लेबलवर ड्राय क्लीन ओन्ली असेल तर तो खर्च किंमतीत धरूनच ठरवा. कपड्यांवर इथे 175 डॉलरपर्यंत सेल्स टॅक्स नाही, भांड्यांवर मात्र सव्वासहा टक्के लागतो.

बर्फाचे बूट, मोजे, थर्मल, आतले कपडे हे नवेच घ्या. बुटाचा सोल दुसऱ्याच्या चालीने झिजलेला असतो आणि जुन्या बुटाचं वॉटरप्रूफिंग गेलंय का ते दुकानात समजत नाही.

आता भांडी, हा माझा आवडीचा विषय. इथल्या लोकांना ज्याची किंमत वाटत नाही आणि आपल्याला हवीच असते अशी गोष्ट म्हणजे बिडाचा तवा, इथे कास्ट आयर्न स्किलेट म्हणतात. लॉज नावाची टेनेसीची कंपनी 1896 पासून हे बनवते, ग्रिसवोल्ड किंवा वॅग्नर या कंपन्यांचे जुने तवे मिळाले तर आणखी छान, आतून गुळगुळीत असतात. थालीपीठ, घावन, डोसा, भाकरी सगळं होतं. गंजलेला दिसला म्हणून सोडू नका, गंज निघतो, तडा मात्र निघत नाही. तवा बोटावर अधांतरी धरून दुसऱ्या हाताने टिचकी मारा, घंटेसारखा खणखणीत आवाज आला तर चांगला, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. मग सपाट फळीवर ठेवून बघा, डुगडुगत असेल तर तुमच्या काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर नीट तापणार नाही, आणि इथे भाड्याच्या घरांमध्ये बऱ्याचदा तशीच शेगडी असते.

घरी आणल्यावर स्टीलच्या घासणीने साबण लावून गंज पूर्ण घासून काढा, लगेच पुसा, शेगडीवर ठेवून कोरडा करा. मग साधं तेल सगळीकडून चोळायचं, मूठ आणि पाठीमागूनसुद्धा, आणि नंतर कोऱ्या कापडाने तेल पुसून टाकायचं, जणू चुकून लावलं होतं असं, कारण थर जाड राहिला तर चिकट होतो. ओव्हनमध्ये 450 ते 500 फॅरेनहाइटवर उपडा ठेवून एक तास, खाली फॉइल, मग आतच गार होऊ द्या. धूर होतो म्हणून खिडकी उघडी ठेवा नाहीतर फायर अलार्म वाजेल. असं दोन-तीनदा केलं की काळाकुळकुळीत होतो, डोसा सुटून येतो.

स्टीलची पातेली घेताना फ्रिजवरचं एखादं चुंबक जवळ ठेवा, घरात इंडक्शन असेल तर बुडाला चुंबक चिकटलं तरच ते चालेल. तांब्याच्या बुडाची रिव्हियर वेअरची पातेली, 1939 पासूनची ही इथली प्रसिद्ध भांडी, थ्रिफ्टमध्ये खूप येतात, चहा आणि वरणाला मस्त, फक्त आतून खड्डे पडलेले नकोत आणि मूठ हलता कामा नये. नॉनस्टिक जुनं अजिबात नको. प्रेशर कुकरही जुना नको, रिंग आणि व्हॉल्व्हची काय अवस्था आहे ते कळत नाही, कुकर घरूनच आणा आणि दोन जास्तीच्या रिंगा टाका. मिक्सर मात्र आणू नका, आपला 230 व्होल्टचा, इथे 120, चालणार नाही. इथला ब्लेंडर आणि कॉफी ग्राइंडर थ्रिफ्टमध्ये मिळतो, ग्राइंडरमध्ये गोडा मसाला छान दळला जातो. घेण्याआधी प्लग लावून चालवून बघा, बऱ्याच दुकानांत इलेक्ट्रिकच्या सामानाजवळ त्यासाठी सॉकेट ठेवलेलं असतं, दिसलं नाही तर विचारा.

ताटल्यांमध्ये सगळ्यांना कोरेल या ब्रँडच्या काचेच्या ताटल्याच आवडतात, हलक्या, पातळ, पटकन फुटत नाहीत. पण कंपनीने स्वतःच सांगितलंय की 2005 च्या आधी बनवलेल्या ताटल्या शोभेपुरत्या ठेवा, कारण जुन्या नक्षीच्या रंगांमध्ये शिशाचा प्रश्न असतो. म्हणून जुन्या फुलाफुलांच्या, रंग उडालेल्या ताटल्या कितीही गोड दिसल्या तरी रोज जेवायला नकोत. चिनीमातीचं तेच, ग्लेझला बारीक तडे असतील तर नको. काचेच्या बरण्या मात्र बिनधास्त घ्या, कडेवरून बोट फिरवून कपचा उडालाय का तेवढं बघा, डाळी-कडधान्याला याच्यापेक्षा स्वस्त काही नाही.

दरांचं सांगायचं तर टॅगचा रंग बघा. बऱ्याच दुकानांत दर आठवड्याला एका रंगाच्या टॅगवर सूट असते, कोणता रंग चालू आहे ते दारात किंवा काउंटरवर लिहिलेलं असतं. गुडविल, सॅल्व्हेशन आर्मी या संस्थांच्या दुकानांचे नियम सगळीकडे सारखे नसतात, स्टुडंट डिस्काउंट आहे का, परत घेतात का, हे त्या त्या दुकानातच विचारायचं. घासाघीस साधारणपणे चालत नाही. आणि दुकान कुठल्या वस्तीत आहे यावर मालही ठरतो, न्यूटन, वेलस्ली, ब्रुकलाइन या सधन वस्त्यांकडच्या दुकानांत आणि चर्चच्या छोट्या थ्रिफ्टमध्ये लोकरीचे कोट चांगले येतात. टेबल-खुर्ची, दिवे, कपाट यासाठी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेचं रीस्टोअर नावाचं दुकान बघा.

घरात काहीही आणलं की पहिली भीती ढेकणांची. कपडे पिशवीतून थेट ड्रायरमध्ये, हाय हीटवर निदान अर्धा तास, मग धुवा. लोकरीचा कोट त्यात टाकू नका, तो पिशवीतच बंद ठेवून सरळ ड्राय क्लीनरकडे. लाकडी खुर्चीचे सांधे आणि स्क्रूची भोकं टॉर्चने बघा, काळे ठिपके, साल निघाल्यासारखी कातडी दिसली की हात लावू नका. गाद्या, उशा, कापडी सोफे कुठूनही घेऊ नका, फुकट मिळाले तरी. ज्यांना लहान मूल आहे त्यांनी जुनी कार सीट घेऊ नये आणि एक बाजू खाली सरकणारा जुना पाळणा तर नकोच, 2011 पासून तो विकायलाच बंदी आहे.

राहिला 1 सप्टेंबर. बोस्टनमध्ये बऱ्याच घरांची लीज त्याच दिवशी संपते आणि सुरू होते, ऑल्स्टन भागात तर फुटपाथवर टेबलं, शेल्फ, दिवे, भांडी यांचे ढीग लागतात, लोक त्याला ऑल्स्टन ख्रिसमस म्हणतात. 31 ऑगस्टच्या संध्याकाळपासून फिरा, लाकडाचं, लोखंडाचं, काचेचं घ्या, कापडाचं सोडा. ढेकणांमुळे टाकून दिलेल्या सामानावर महापालिकेचे लोक स्टिकर लावतात तेही बघा, पण स्टिकर नाही म्हणजे सामान चांगलंच असं नाही. चार मित्रांनी मिळून ट्रक भाड्याने घेतलात तर जीपीएसने सांगितलं तरी स्टोरो ड्राइव्ह नावाच्या रस्त्यावर घालू नका, तिथले पूल बुटके आहेत आणि दरवर्षी कोणाचा तरी ट्रक छत सोलून तिथे अडकतो. आतल्या रस्त्यांनी या, उशीर झाला तरी चालेल, फक्त घरमालकाला लिफ्टची वेळ आधी विचारून ठेवा.