हौशी चालकासाठी स्नोमोबाईल: निवडताना या चुका टाळा

स्नोमोबाईल, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी, घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती सीसी? हौशी चालकाची निवड बहुतेक वेळा इथेच चुकते. हिवाळ्यातले मोजके दिवस आखलेल्या ट्रेलवर फिरायचे असेल, तर गाडी सुखाची होणार की त्रासाची हे आधी ट्रॅकवर, म्हणजे मागच्या रबरी पट्ट्यावर ठरते. इंजिनाचा विचार त्यानंतर करावा.

दिसायला दमदार म्हणून डोंगरी गाडी घेणे

ट्रॅक दोन मापांनी ओळखतात: लांबी आणि त्यावरच्या दात्यांची उंची. दाबून सपाट केलेल्या ट्रेलसाठी साधारण 120 ते 137 इंच लांबी आणि 1 ते 1.25 इंच दाते असतात. 144-146 इंचांच्या गाड्या ट्रेल आणि मोकळा बर्फ अशा दोन्हींसाठी असतात, त्यांचे दाते दीड इंचाच्या आसपास. 154 इंचांच्या पुढच्या, अडीच-तीन इंच दात्यांच्या गाड्या खोल, भुसभुशीत बर्फात चढण्यासाठी बनवलेल्या असतात.

अशी डोंगरी गाडी कडक ट्रेलवर नेली, की दाते बर्फात रुतत नाहीत. गाडी त्यांच्या टोकांवर डोलते, दाते सतत दुमडतात आणि पुढे मुळाशी फाटू लागतात. तिच्या पुढच्या दोन स्कींमधले (बर्फावर घसरणाऱ्या, गाडी वळवणाऱ्या पट्ट्यांमधले) अंतरही मुद्दाम कमी, सुमारे 36 ते 38 इंच, ठेवलेले असते, कारण खोल बर्फात ती कुशीवर कलवून वळवायची असते. ट्रेलवरच्या गाडीत हे अंतर 42-43 इंच असते. म्हणून डोंगरी गाडी ट्रेलच्या वळणावर उलटेल की काय असे वाटत राहते, आणि नवख्याचा आत्मविश्वास तिथेच जातो. बहुतेक हौशी चालकांसाठी 129 किंवा 137 इंची ट्रॅक आणि 1.25 इंच दाते हीच योग्य निवड. अधूनमधून ट्रेल सोडून जायचे नक्की असेल, तरच 144-146 कडे वळावे.

बर्फावर गाडी आपोआप गार राहील असे समजणे

लिक्विड-कूल्ड, म्हणजे द्रवाने इंजिन गार ठेवणाऱ्या गाडीत कूलंट (तो द्रव) गार करणारे पाइप ट्रॅकच्या वर, बोगद्यासारख्या आवरणाला आतून लावलेले असतात. ट्रॅकने उडवलेला बर्फ त्यांच्यावर आपटतो आणि कूलंट गार होते. वाट काचेसारखी गोठलेली असेल तर बर्फ उडतच नाही आणि तापमानाचा दिवा लागतो. त्याच वेळी ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्या स्लायडरनाही ओलावा मिळत नाही. ते तापून वितळतात आणि ट्रॅकच्या धातूच्या क्लिपना चिकटतात.

यावर उपाय म्हणजे आइस स्क्रॅचर: बर्फ खरवडून वर उडवणाऱ्या स्प्रिंगच्या काड्या. खरेदी करतानाच त्या बसवून घ्याव्यात. रिव्हर्समध्येही चालतील अशा घ्याव्यात, कारण साध्या कडक काड्या मागे जाताना अडकून मोडतात. दिवा लागलाच तर इंजिन जागेवर चालू ठेवू नये. जवळ मऊ बर्फ असेल तर हळू वेगाने त्यावर न्यावी, नसेल तर बंद करून थांबावे.

फॅन-कूल्ड, म्हणजे पंख्याच्या हवेवर गार होणारे इंजिन त्यासाठी बर्फावर अवलंबून नसते, म्हणून पातळ बर्फाच्या भागात ते निर्धास्त चालते. स्लायडरची काळजी मात्र तिथेही सुटत नाही.

गरजेपेक्षा जास्त ताकद

550 सीसीचे फॅन-कूल्ड इंजिन सुमारे 60 हॉर्सपॉवर देते, 600 वर्गातले टू-स्ट्रोक 120 च्या आसपास आणि 850 तर 165 च्या घरात. नवख्याला 60 ते 95 पुरतात. फोर-स्ट्रोक शांत, कमी इंधन पिणारे, वेगळे टू-स्ट्रोक तेल न लागणारे. पण गाडी जड होते. मऊ बर्फात रुतलेली जड गाडी एकट्याने उपसणे फार कष्टाचे. शिवाय बहुतेक फोर-स्ट्रोकना ओढून चालू करण्याची दोरी नसते, म्हणजे बॅटरी उतरली की गाडी जागेवरच.

उंचीचाही हिशेब धरावा. टर्बो नसलेले इंजिन दर 300 मीटरमागे सुमारे 3 टक्के ताकद गमावते. कार्ब्युरेटर असेल तर उंचीनुसार त्यातले जेटही, म्हणजे इंधन मोजून सोडणारी बारीक छिद्रे, बदलावे लागतात. इंधनाचे प्रमाण फ्युएल इंजेक्शन स्वतः सांभाळते.

एकट्याच्या गाडीवर दोघे

मागे जोडसीट लावली की काम झाले, असे नाही. आखूड ट्रॅकवर मागे वजन पडले की स्कींवरचा भार हलका होतो आणि हँडल वळवूनही गाडी सरळच जाते. जोडीदार नेहमी असेल तर मुळातच दोघांसाठी बनवलेली, पाठीला टेकू आणि पाय ठेवायला जागा असलेली लांब ट्रॅकची गाडी घ्यावी.

जुनी गाडी गरम इंजिनावर पाहणे

विकणाऱ्याला आधीच सांगावे की इंजिन थंडच ठेवा. थंड असताना सुरू व्हायला कुरकुर करणारी गाडी गरम असताना शहाण्यासारखी वागते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे, दोन सिलिंडरमध्ये 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर सौदा थांबवावा. स्लायडरवरची झिजेची खूण, चाकांच्या बेअरिंगची खरखर, तुटलेले दाते आणि पुढच्या सस्पेन्शनचे वाकलेले दांडे पाहावेत. कार्ब्युरेटरची गाडी उन्हाळाभर पेट्रोलसकट उभी असेल तर बारीक जेट चिकट थराने बुजलेले असतात, ते साफ करण्याचा खर्च धरावा. यामाहाने 2023 मध्ये स्नोमोबाईलमधून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. त्यांची जुनी गाडी घेताना सुटे भाग आणि दुरुस्ती जवळपास मिळेल का, हे आधी विचारावे.

घेतल्यावर गाडीलाच दोष देणे

स्की जुन्या चाकोऱ्यांमागे डावी-उजवीकडे ओढल्या जात असतील तर स्कीखालच्या कार्बाइड पट्ट्या पाहाव्यात. दुहेरी पट्ट्यांनी हे बरेच कमी होते. गाडी वळत नसेल तर आधी त्याच पट्ट्यांची झीज तपासावी, मग चालकाच्या वजनानुसार मागच्या स्प्रिंगचा ताण जुळवावा, आणि त्यानंतरच पुढचा लिमिटर स्ट्रॅप, म्हणजे मागच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली उतरेल हे आवरणारा पट्टा, एक घर आखूड करावा. एका वेळी एकच बदल.

इंजिन ओरडते पण गाडी रेटत नाही, याचा अर्थ बहुधा इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा बेल्ट घसरतो आहे. त्याची रुंदी मोजून मॅन्युअलमधल्या किमान मापाशी ताडावी. नवा बेल्ट पहिले 50 किलोमीटर सौम्य चालवावा. एक सुटा बेल्ट कायम गाडीत असावा आणि तो बदलण्याचा सराव घरीच, हातमोजे घालून करून ठेवावा.