सहकाऱ्यासाठी निरोपाचे कार्ड बनवताना या चुका टाळा

निरोपाचे कार्ड हाताने बनवायला घेतले की बहुतेकांचा सगळा वेळ मुखपृष्ठ सजवण्यात जातो आणि जाणारी व्यक्ती पुढे वर्षानुवर्षे उघडून वाचणार असते, ती आतली बाजू मात्र उरल्या जागेत भागवली जाते. पंधरा-वीस जण लिहिणार असतील, तर ए-४ कागद दुमडून केलेले कार्ड अपुरे पडते. २९७ × ४२० मिलिमीटरचा ए-३ कागद घेऊन प्रत्येकाची जागा पेन्सिलीने फिकट आखावी. नाहीतर पहिले दोघे अर्धे पान व्यापतात आणि शेवटच्यांना कोपऱ्यात नुसती सही करावी लागते.

छपाईचा ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद उभा राहत नाही. २५० ते ३०० जीएसएमचा कार्डशीट घ्यावा. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत तो सहज मिळतो. एवढा जाड कागद नुसत्या बोटांनी दुमडला, तर घडीवर तडकतो. कागद आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्याच दिशेने तंतू असतात आणि घडीही तशीच घालावी. त्याआधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यावी. एवढे करूनही घडी तडकलीच, तर कण्यावर रंगीत कागदाची पट्टी चिकटवावी. हातकागद वापरणार असाल, तर आधी तुकड्यावर पेन चालवून पाहावे, कारण त्यावर शाई पसरू शकते.

फेव्हिकॉलमध्ये पाणी असते, म्हणून पातळ कागदाला तो भरपूर लावला की सुरकुत्या पडतात. पुण्याच्या पावसाळी हवेत तर तो लवकर वाळतही नाही. तिथे ग्लू स्टिक किंवा दुहेरी चिकटपट्टी बरी. वाकलेले कार्ड पूर्ण वाळल्यावर दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबावे.

माझ्या मते सर्वांत जास्त काळजी मजकुराची घ्यावी. नाव ती व्यक्ती स्वतः जसे लिहिते, तसेच लिहावे. चुकल्यास व्हाइटनर न लावता त्याच कागदाची नवी पट्टी संपूर्ण ओळीवर चिकटवावी. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे वाक्य वीस वेळा आले, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. प्रत्येकाने सोबत केलेले एखादे काम किंवा मिळालेली मदत नेमकी लिहावी. निवृत्त होणाऱ्या मॅडमना, बदली झालेल्या दादांना आणि नोकरी गेलेल्या मित्राला एकच मजकूर चालत नाही. विशेषतः ज्याला नाइलाजाने जावे लागते आहे, त्याला उत्साहाची घोषवाक्ये टोचतात. त्याच्या कामाबद्दलची कृतज्ञता तेवढी मनापासून लिहावी.

घरून काम करणाऱ्यांचे संदेश टाइप करून चिकटवू नयेत. त्यांच्याकडून हस्ताक्षराचा फोटो मागवून तो छापावा आणि कापलेला तुकडा घडीपासून किमान एक सेंटीमीटर दूर चिकटवावा, म्हणजे कार्ड नीट मिटते.