बंद कॅमेऱ्यात बॅटरी उतरत असेल तर

रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करून कॅमेऱ्यात घातली, बटण बंद केलं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे कासच्या पठारावर पोहोचल्यावर पडद्यावर लाल बॅटरी लुकलुकते. एकदा झालं तर बटण चालू राहिलं असेल म्हणून सोडून देता येतं. दर खेपेला होत असेल तर शोध घ्यावाच लागतो. इथे बहुतेक जण आधी नवी बॅटरी आणतात आणि पैसे वाया घालवतात. कारण दोष तीन ठिकाणी असू शकतो: बॅटरी स्वतःच उतरते, बंद कॅमेरा ती खातो, किंवा बॅटरी भरलेली असूनही कॅमेऱ्याला ती रिकामी वाटते. यातलं कोणतं, ते ठरेपर्यंत काहीही विकत घेऊ नका. लागतं ते एवढंच: साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजणारा मीटर), वही आणि आठवडाभराचा धीर.

पहिली तपासणी कॅमेऱ्याबाहेर

बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार्जरमधून काढून दोन तास तशीच ठेवा आणि व्होल्टेज मोजून तारखेसह लिहून ठेवा. ७.२ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर ८.४ च्या जवळ असते. मोजताना फक्त अधिक आणि उणे खुणेच्या पट्ट्यांना टोकं लावा. मधल्या पट्ट्या कॅमेऱ्याला बॅटरीची माहिती देण्यासाठी असतात. दोन्ही टोकं एकमेकांना टेकू देऊ नका, शॉर्ट होईल. मग बॅटरी कॅमेऱ्याबाहेर तीन दिवस ठेवा आणि पुन्हा मोजा. ८.२ च्या वर असेल तर बॅटरी ठीक आहे. ८ च्याही खाली गेली असेल तर कॅमेरा निर्दोष, बॅटरी बदला. चांगली लिथियम बॅटरी नुसती पडून महिन्याला जेमतेम दोन-तीन टक्के उतरते.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. जुन्या पद्धतीचे रिचार्जेबल निकेल सेल मुळातच गळके असतात. महिन्याभरात २० ते ३० टक्के चार्ज आपोआप जातो. २००५ पासून कमी गळतीचे सेल आले, एनेलूप हे त्यातलं पहिलं मोठं नाव. ते वर्षभर पडून राहिले तरी बराचसा चार्ज धरून ठेवतात. महिन्यातून एकदा कॅमेरा काढणाऱ्यांनी हेच घ्यावेत. चार सेलच्या जोडीत एक जरी म्हातारा झाला तरी सगळी जोडी बसते, म्हणून चारही वेगवेगळे मोजा. चार्ज करून दिवसभर ठेवलेला चांगला सेल १.३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. आठवड्यात एखादा १.२ च्या खाली गेला तर त्याला जोडीतून काढा. नवे-जुने किंवा वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र घालू नका.

बाजारातल्या स्वस्त बॅटऱ्यांबद्दलही सांगायला हवं. एलपी-ई६एन या कॅननच्या मूळ बॅटरीची क्षमता १८६५ मिलीअँपिअर-तास आहे. त्याच आकारात २८०० छापलेली बॅटरी दिसली तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

बॅटरी भरलेली, पण कॅमेरा नाही म्हणतो

कॅमेऱ्याने 'रिकामी' म्हटल्यावर लगेच बॅटरी काढून मोजा. मीटर ८ व्होल्ट दाखवत असेल तर काहीच उतरलेलं नाही, वीज वाटेत अडते आहे. पेन्सिल सेलच्या कप्प्यात स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसेल. साध्या अल्कलाइन सेलमधून गळलेल्या क्षाराची ती असते. कापसाच्या काडीला व्हिनेगरचा एखादाच थेंब लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं होऊ द्या. पत्रा घासायला पॉलिश पेपर वापरू नका, वरचा मुलामा गेला की गंज लवकर धरतो. काही कॅमेऱ्यांत मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडावा लागतो. तिथे अल्कलाइन निवडलेलं असेल तर १.२ व्होल्टचा रिचार्जेबल सेल कॅमेऱ्याला लवकरच रिकामा वाटतो.

'बंद' म्हणजे खरंच बंद?

बॅटरी आणि कॉन्टॅक्ट (बॅटरी जिथे टेकते ते पत्रे) दोन्ही ठीक निघाले तर मेनू उघडा. बंद कॅमेऱ्यात काय जागं राहतं, ते इथे कळतं. कॅनन ६डी मध्ये जीपीएस चालू ठेवलं तर मुख्य बटण बंद केल्यावरही ते ठरावीक वेळाने उपग्रह शोधतं. कॅमेरा लोखंडी कपाटात असेल तर सिग्नल मिळत नाही आणि शोध चालूच राहतो. कॅननच्याच ७डी मार्क २ मध्ये जीपीएसचे दोन मोड आहेत: मोड १ बटण बंद केल्यावरही चालतो, मोड २ बटणाबरोबर बंद होतो. निकॉनच्या ब्लूटूथ मेनूत 'सेंड व्हाइल ऑफ' असतं, म्हणजे बंद कॅमेराही फोनला फोटो पाठवत राहतो. सोनी आणि पॅनासॉनिकच्या बऱ्याच मॉडेल्समध्येही बंद असताना फोनशी जोडून राहण्याची सोय आहे. हे सगळं बंद करा, एअरप्लेन मोड असेल तर तो लावा, आणि पुन्हा तीन दिवसांची चाचणी घ्या. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, म्हणून ही पायरी गाळू नका.

फरक पडला नाही तर एकेक वस्तू काढत जा. आधी बॅटरी ग्रिप (खाली जोडलेली जादा बॅटरीची मूठ), मग फ्लॅश शूवरचा, म्हणजे वरच्या खाचेतला ट्रिगर, मग लेन्स, मग कार्ड. प्रत्येक खेपेला दोन-तीन दिवस द्या आणि व्होल्टेज लिहा. घाईने दोन गोष्टी एकदम काढल्या तर दोषी कोण ते कळणार नाही.

करंट मोजणं

दिवसांऐवजी मिनिटांत उत्तर हवं असेल तर करंट मोजावा. पेन्सिल सेलच्या कॅमेऱ्याला घरच्या घरी जमतं. पोस्टकार्डाच्या जाडीच्या प्लॅस्टिकची बोटभर लांब आणि सेंटिमीटरभर रुंद पट्टी कापा, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवा, पण दोन्ही फॉइल कुठेही एकमेकांना लागता कामा नयेत. ही पट्टी सेलचं टोक आणि कॉन्टॅक्ट यांच्यामध्ये सरकवा. बाहेर आलेल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना मगरी चिमटे लावून मीटर मधे जोडा. झाकणाचा छोटा स्विच दाबलेला राहायला हवा, नाहीतर कॅमेरा वेगळाच वागेल. मीटर आधी १० अँपिअरवर ठेवा. सेल जोडताक्षणी कॅमेरा क्षणभर मोठा करंट ओढतो आणि मिलीअँपिअरच्या रेंजचा फ्यूज उडतो. कॅमेरा बंद होऊन स्थिरावला की मगच खालच्या रेंजवर या. लिथियम बॅटरीच्या कॅमेऱ्याला डमी बॅटरी (बॅटरीच्या आकाराचा, वायर जोडलेला ठोकळा) आणि बेंच पॉवर सप्लाय (ठरावीक व्होल्टेज देणारं टेबलावरचं यंत्र) लागतो, ते काम दुरुस्तीवाल्याकडे.

आकडा आला की हिशोब सोपा आहे: क्षमता भागिले करंट, म्हणजे तास. १८६५ ची बॅटरी तीन दिवसांत संपत असेल तर करंट सुमारे २६ मिलीअँपिअर असतो. १ मिलीअँपिअर असेल तर तीच बॅटरी ७७ दिवस पुरते, आणि ०.१ असेल तर दोन वर्षांहून जास्त. म्हणून ०.१ च्या आसपासचा आकडा आला तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. मात्र महिनोन् महिने रिकामा पडलेला कॅमेरा पहिले एक-दोन दिवस जास्त ओढतो, कारण आतल्या घड्याळाचा छोटा सेल भरत असतो. ते दिवस जाऊ द्या आणि मग मोजा.

सगळं बंद, सगळं काढलेलं, तरी १०-२० मिलीअँपिअर जात असतील तर दोष आतल्या सर्किट बोर्डावर आहे. आपल्याकडे त्याचं मोठं कारण ओल. महाबळेश्वरच्या पावसात थंड कॅमेरा गरम खोलीत उघडला की आत दव धरतं, बॅटरी कप्प्याच्या बोर्डावर हिरवट थर चढतो आणि त्यातून करंट झिरपतो. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या महापुरात भिजून नंतर 'वाळवून चालू झालेल्या' कॅमेऱ्यांबाबत तर हा संशय आधी घ्यावा. नुसतं पाणी वाळतं, गाळातले क्षार बोर्डावरच राहतात.

तिथे स्वतः स्क्रू काढू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असू शकतो. दुरुस्तीवाल्याला वहीतले आकडे दाखवा: बाहेर ठेवून तीन दिवसांनी किती, कॅमेऱ्यात किती, काय काढल्यावर किती, आणि कॅमेऱ्याला पाणी लागलं होतं का. तोवर वापर झाला की बॅटरी काढून ठेवा. फार तर तारीख पुन्हा लावावी लागेल.