लहान मुलांच्या अंगावरचे पुरळ: आधी नीट पाहावे, मग मलम लावावे

मुलाच्या अंगावर पुरळ दिसले की हात आपोआप मलमाकडे जातो. परंतु मलमाने पुरळाचे मूळ रूप बदलते आणि निदान अवघड होते, म्हणून आधी चांगल्या उजेडात कपडे काढून मुलाला डोक्यापासून तळपायापर्यंत पाहावे.

सर्वप्रथम काचेचा स्वच्छ पेला पुरळावर दाबून आरपार पाहावे. ताप असताना दाबूनही लाल-जांभळे ठिपके फिके पडत नसतील, तर रक्तात गंभीर संसर्ग पसरल्याची शक्यता असते आणि रुग्णालयात तत्काळ जावे लागते. सावळ्या त्वचेवर हे ठिपके सहज लपतात. तिथे तळहात, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजू तपासावी. ठिपके फिके पडले तरी मूल निपचित पडले असेल, त्याला श्वासाचा त्रास होत असेल किंवा ओठ सुजले असतील, तर थांबू नये.

यानंतर तापाचा क्रम आठवावा. तीन ते पाच दिवस चढा ताप येऊन तो उतरताच गुलाबी पुरळ उठले, तर ते बहुधा आपोआप जाणारे विषाणूजन्य पुरळ असते. खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे यांच्यानंतर कानामागून सुरू होऊन खाली उतरणारे पुरळ गोवराचे असू शकते. दवाखान्यात नेण्यापूर्वी तसे कळवावे, म्हणजे तिथल्या इतर मुलांना संसर्ग होणार नाही. कांजिण्यांच्या तापात ॲस्पिरिन मुळीच देऊ नये.

ताप नसेल, तर जागा बरेच काही सांगते. डायपरखालची लाली फुगीर भागावर असून जांघेच्या घड्या कोऱ्या असतील, तर ती ओलाव्याची असते: डायपर वारंवार बदलावा, त्वचा टिपून कोरडी करावी आणि झिंक ऑक्साइडचा जाड थर द्यावा. घड्याही लालभडक असून कडेला सुटे ठिपके असतील, तर बुरशीचा संशय घ्यावा. तिथे बुरशीनाशक मलम लागते. घरातील इतरांनाही रात्री खाज सुटत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, तर खरूज समजून डॉक्टरांच्या सल्ल्याने सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. खाज नंतरही काही आठवडे राहते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

घरात उरलेले स्टेरॉइडमिश्रित मलम विचारल्याशिवाय लावू नये. त्याने लाली तात्पुरती दबते, पण खाली बुरशी पसरत राहते.